कुठून आलं ते लिवा!

मोटार वाइंडिंगच्या दुकानात जळक्या तांब्याच्या तारांचा ढीग साचत जातो, तसेच किस्सेही साचतात. तारा निदान भंगारवाला येऊन वजनावर नेतो. किस्से कोण नेणार? ते माझ्या डोक्यात पडून आहेत आणि आता तिथे पाय ठेवायला जागा उरलेली नाही. म्हणून म्हटलं, थोडे तुमच्याकडे लोटून द्यावेत.

दुकान प्रभाकरचं, आर्वीच्या बस स्टँडजवळच्या गल्लीत. मी इथल्याच एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि कॉलेज सुटलं की चहाला त्याच्याकडे जाऊन बसतो. प्रभाकर माझा वर्गमित्र. बारावीला त्याने फिजिक्समध्ये अशी गटांगळी खाल्ली, की पुन्हा त्या पाण्यात उतरलाच नाही. आज अर्ध्या तालुक्याच्या मोटारी त्याच्या हाताखालून जातात. मला मात्र घरचा मिक्सरसुद्धा दुरुस्त करता येत नाही, आणि ही गोष्ट तो दर दोन दिवसांनी गिऱ्हाइकांदेखत सांगतो.

त्याची एक पद्धत आहे. मोटार चालू केली की तो आधी मीटर लावत नाही. तिच्या अंगावर तळहात ठेवतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "गरम होऊन राह्यली. काहीतरी वाया चाल्लं." मीटर नंतर. "मीटर खोटं बोलंन मास्तर, हात नाई बोलत!"

आम्हा दोघांना फिजिक्स शिकवलं वानखडे सरांनी. सरांचा एकच जाच होता. गणिताचं उत्तर बरोबर आलं, पण मधला आकडा कुठून आला हे लिहिलं नाही, की दोन मार्क कापायचे. "कुठून आलं ते लिव! आभायातून पडलं का?" त्या दोन-दोन मार्कांनीच आपल्या आयुष्याचे बारा वाजले, असं प्रभाकर अजूनही म्हणतो. खरं सांगायचं तर त्याचं उत्तरही चूकच असायचं.

तर, मोबाइल घरोघर पोचला आणि प्रभाकरच्या दुकानात नव्या प्रकारची गिऱ्हाइकं यायला लागली. फुकटची वीज बनवणारी! कुठेतरी व्हिडिओ पाहायचा, मशीनचं चित्र वहीवर काढायचं आणि दुकानात यायचं. प्रभाकर लगेच माझ्याकडे बोट दाखवतो, "हे पा, सर बसले आहेत. त्यायले इचारा."

मग मी सांगतो. ऊर्जा तयार करता येत नाही, नष्ट करता येत नाही, आणि एका रूपातून दुसऱ्या रूपात नेताना थोडी वाया जातेच. माणसं सगळं आदराने ऐकून घेतात, डॉक्टरने लोणचं बंद सांगितल्यावर ऐकतात तसं. नियम दोन ओळींचा आहे. पण तो पटवायला मला दोन तास लागतात, आणि शेवटी गोंधळलेला असतो तो मीच.

*

पहिला मान संत्रेवाल्या भाऊंचा. रोहण्याकडे त्यांचा मोठा बगीचा आहे. आले ते मोबाइल समोर धरूनच. व्हिडिओत एक मोटार, पट्ट्याने तिला जोडलेला अल्टरनेटर, अल्टरनेटरची वायर परत मोटारीत. मोटार अल्टरनेटर फिरवते, अल्टरनेटर मोटारीला वीज देतो. वर बल्बही पेटलेला!

"तिकडं चालून राह्यलं, तं आपल्या इकडं काऊन नाई चालणार?" भाऊ म्हणाले.

मी नियम सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि प्रभाकरला म्हणाले, "सरांचं बराबर आहे. पण तू बनव."

प्रभाकरने बनवलं. लोकांसमोर एकदा होऊनच जाऊ दे, असं त्याला वाटलं असावं. मोटार आधी लाइनवर चालू केली, चांगला वेग आल्यावर खटका पाडून लाइन तोडली आणि मोटार अल्टरनेटरवर टाकली. दुकानात सात-आठ माणसं श्वास धरून उभी. मोटार घुरघुरली, बल्ब पिवळा झाला, लाल झाला, विझला. मोटार थांबली. प्रभाकरने घड्याळ पाहिलं. "नऊ सेकंद."

आता तरी पटेल, असं मला वाटलं. भाऊंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद मावत नव्हता.

"नऊ सेकंद चालली ना फुकटात? सर, तुमी तं म्हणे, चालतच नाई!"

मी म्हटलं, "भाऊ, ती आधीच्या वेगावर चालली. लाइनची वीज होती ती, चाकात साठलेली."

"असू द्या. सुरुवात तं झाली! नवाचे नव्वद कराचं काम आता ह्या प्रभाकरभाऊचं." आणि ते नारळ आणायला गेले. नारळ मशीनपुढे फुटला, प्रसाद मीही खाल्ला.

*

दुसरा किस्सा कोणा शेतकऱ्याचा किंवा दुकानदाराचा नाही, आमच्या स्टाफरूममधला आहे. आमचे केमिस्ट्रीचे सर, एम.एस्सी., बीएड. एके दिवशी त्यांनी मला खुणेने बोलावलं आणि कपाटातून आपला पॉवर बँक काढून दाखवला. त्याच्याच एका भोकातून निघालेली वायर त्याच्याच दुसऱ्या भोकात खुपसलेली होती. चार हिरवे दिवे लुकलुकत होते.

"चार्ज होऊन राह्यला," ते हळूच म्हणाले. "स्वतःच, स्वतःले!"

मी म्हटलं, "सर, तुम्ही वर्गात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवता."

"ते सिलॅबसमध्ये आहे म्हणून शिकवतो. पण दिवे पा ना तुमी! दिवे खोटं बोलतेत का?"

दिवे खरंच लुकलुकत होते. क्षणभर मीही त्यांच्याकडे पाहत राहिलो. पॉवर बँक तसाच कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं तेव्हा तो पूर्ण रिकामा. एकही दिवा नाही.

सरांनी तो उलटासुलटा केला, कानाशी नेऊन हलवला. मग शांतपणे म्हणाले, "कंपनीचा घेतला पायजे. लोकल मालात हाच प्रॉब्लेम."

*

वीज वाचवणाऱ्या डबीचं मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगतो. बाजाराच्या दिवशी एक माणूस डब्या विकायला येऊन गेला. प्लगमध्ये खुपसायची, हिरवा दिवा लागतो, बिल निम्मं! आमच्या शेजारच्या ताई अंगणवाडीत आहेत आणि कशालाही सहजासहजी फसत नाहीत. त्यांनीही एक घेतली.

मी ती प्रभाकरकडे नेऊन उघडली. आत एक हिरवा दिवा, दिव्याला लागेल तेवढं सामान आणि बाकी मोकळी जागा. मी ताईंना म्हटलं, "ह्यात काही नाही. उलट तो दिवाच वीज खातो."

महिन्याने ताई बिल घेऊन आल्या. खरंच निम्मं!

मी बिल तीनदा वाचलं. रीडिंग बरोबर होतं, मीटर चालू होतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी प्रभाकरला घेऊन त्यांच्या घरी गेलो. मे महिना, बाहेर शेहेचाळीस डिग्री. ताई, त्यांचे यजमान आणि सासूबाई घामाने निथळत बसलेले. हातात विणलेले पंखे, कोपऱ्यात कुलर बंद.

"कुलर बिघडला का?" प्रभाकरने हत्यारांच्या पिशवीत हात घालत विचारलं.

"नाई हो," ताई म्हणाल्या. "डबी लावली तवापासून कुलर लावतच नाई आमी. येवढीशी तं आहे बिचारी. तिच्यावर लोड कायले द्याचा?"

*

कुलरवरून आठवलं. हा किस्सा माझा स्वतःचा आहे आणि प्रभाकर तो चुकीचा सांगतो, म्हणून मीच सांगून टाकतो.

बंद खोलीत फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड होईल का? हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. उत्तर: नाही, उलट थोडी गरम होईल, कारण फ्रीज आतली उष्णता मागच्या बाजूने खोलीतच सोडतो आणि वर त्याची मोटार तापते ती वेगळी. हे उत्तर मी झोपेतही देऊ शकतो.

त्याच मे महिन्यात एका दुपारी आमच्या कुलरचा पंप गेला. बायको स्वयंपाकघरात आली तेव्हा मी फ्रीजचं दार उघडून समोर खुर्ची टाकून बसलो होतो.

"काय करून राह्यले?"

"पाण्याची बाटली शोधतोय."

"अर्ध्या घंट्यापासून?"

ती फ्रीजच्या मागच्या बाजूला गेली, तिथे प्रभाकरसारखाच तळहात लावून पाहिला आणि म्हणाली, "मागून गरम येऊन राह्यलं."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"मंग?"

मी एक बाटली काढून तिच्या हातात दिली. दार बंद करायला मात्र मी थोडा वेळ घेतला.

*

कारंज्याकडच्या एका गावाहून एक ग्रामसेवक आर्वीला यायचे. त्यांच्याकडे बॅटरीची स्कूटर होती. पुढच्या चाकाला डायनॅमो बसवून तो बॅटरीला जोडला की स्कूटर कधी चार्जच करावी लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. प्रभाकरने बसवून दिला. त्याचं म्हणणं, "मास्तर, तू बोलून थकते. मी बसवून देतो अन् चूप राहतो. समजते त्यायचं त्यायले."

पंधरा दिवसांनी ग्रामसेवक आले. मी विचारलं, "काय म्हणते स्कूटर?"

"सपाटीवर जड झाली," ते म्हणाले. "पहिले आर्वीले येऊन वापस गावी जात होती, आता वापस जाताना दम टाकते. पण सर, उतारावर? उतारावर काय चार्ज होते! काटा वर जाताना डोळ्यानं पायतो मी!"

"बरोबर आहे. उतारावर होणारच."

"म्हणून मी ठरवलं, फक्त उतारानं याचं. गावाकडून आर्वीले उतारच आहे."

"आणि परत जाताना चढ लागतो, त्याचं काय?"

"त्याचं काई टेन्शन नाई," ग्रामसेवक म्हणाले. "जाताना तिले भाजीच्या रिकाम्या टेम्पोत टाकतो!"

प्रभाकर मोटारीत डोकं घालून बसला होता. डोकं बाहेर न काढताच त्याने विचारलं, "टेम्पोलेही डायनॅमो बसवून देऊ का?"

ग्रामसेवक विचारात पडले.

*

आता कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन. ते माझ्याकडेच असतं. प्रत्येक मॉडेलसमोर एक कार्ड ठेवायचा नियम मीच केला आहे: मॉडेलचं नाव, साहित्य, ऊर्जेचा स्रोत. वानखडे सरांचा 'कुठून आलं' मी असा कार्डावर आणून ठेवला.

गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीने चुंबकावर फिरणारा पंखा आणला. वीज नाही, काही नाही, नुसतेच चार चुंबक आणि पंखा भणाभणा फिरतोय! कार्डावर लिहिलं होतं, 'ऊर्जेचा स्रोत: चुंबक.' समोर ही गर्दी. पंचायत समितीतून आलेले पाहुणे हात जोडून उभे होते.

मी लाकडी पाट उचलला. खाली चिकटपट्टीने दोन सेल लावलेले होते.

"हे काय आहे?"

"सर, ते फक्त सुरुवात कराले," ती म्हणाली.

"आणि सुरुवात कधी संपते?"

तिने जरा विचार केला. पोरगी प्रामाणिक होती.

"सेल संपले की, सर."

मी तिला बक्षीस दिलं. स्टाफरूममध्ये माझ्यावर बरीच टीका झाली, पण ह्या विषयावर इतकं सरळ उत्तर मला दुसऱ्या कोणी दिलेलं नव्हतं.

*

ह्या वर्षी प्रदर्शन शुक्रवारी होतं, आणि पाहुणे म्हणून वानखडे सरांनाच बोलवायचं ठरलं. सर रिटायर होऊन खूप वर्षं झाली. आता ते आणि सुमनकाकू, दोघंच राहतात. निमंत्रण द्यायला गेलो तेव्हा सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते. निमंत्रण ऐकून उठले आणि मला आत घेऊन गेले.

मधल्या खोलीत एक चाक फिरत होतं. सायकलचं रिम, त्यावर तिरके बसवलेले छोटे-छोटे डबे आणि डब्यांत काचेच्या गोट्या. चाक फिरलं की गोट्या एका बाजूला घरंगळायच्या, आणि त्यांच्या वजनाने चाक फिरतच राहील असं पाहणाऱ्याला वाटायचं.

"हे थांबावं म्हणून बनवलं होतं," सर म्हणाले. "लोक मोबाइलवर पायतेत अन् खरं मानतेत. म्हटलं, आपण दाखवू, असं चाक कसं थांबते ते. पहिल्या दिवशी बराबर थांबलं. चार मिनिटं, बारा सेकंद. वहीत लिवलं."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून थांबूनच नाई राह्यलं."

मी हसलो. सर हसले नाहीत.

"कवाही येऊन पाय, फिरतच असते. सकाळी, दुपारी. महिना झाला. मी येतो, मले माफी मागाची आहे. शुक्रवारी, सगळ्या पोरांसमोर. येवढी वर्षं मी जे शिकवलं ते खोटं होतं."

ह्या माणसाने दोन मार्कांसाठी आम्हाला रडवलं होतं, आणि आता तो स्वतःचे सगळेच मार्क कापून घ्यायला निघाला होता.

"सर, समोर बसून पाहिलं का? न उठता?"

"चार वेळा बसलो. कवा नळ येते, कवा फोन येते. हिनं आवाज देला की उठा लागते. वापस येतो तं चाक जोरात."

मी तिथेच बसकण मारली. घड्याळ लावलं. एक मिनिट, दोन मिनिटं. चाक मंद होत होतं, मला धीर येत होता. साडेतीन मिनिटांवर सुमनकाकू दारात आल्या. "चहा ठेवला ओट्यावर. आताच्या आता घ्या, थंडा होते." काकूंना नाही म्हणायची पद्धत आमच्यात नाही. आम्ही दोघंही ओट्यावर गेलो, चहा घेतला, परत आलो. चाक गरगर फिरत होतं!

मी खाली वाकून पाहिलं. वायर नाही, सेल नाही, चुंबक नाही. खिडकी बंद, पंखा बंद. मी वह्या उचलून पाहिल्या, चटई उचलून पाहिली. सर माझ्याकडे आशेने बघत होते. मला काहीही सापडलं नाही. उद्या अकरावीला हाच धडा होता.

दुसऱ्या दिवशी प्रभाकरला ओढून नेलं. तो आला तेव्हा चाक फिरतच होतं. त्याने काही विचारलं नाही. नेहमीसारखा तळहात पुढे केला, फिरत्या चाकाच्या कडेला हलकेच टेकवला आणि डोळे मिटले. मग हात उचलून स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला. वास घेतला.

"सर, तुमी बसा ओट्यावर," तो म्हणाला. "मी अन् मास्तर जरा मागं जाऊन वायरिंग पायतो."

मागच्या अंगणात जायची वाट स्वयंपाकघरातून होती. तिथे त्याने मला तळहात दाखवला. बोटांना पांढरं लागलं होतं. ज्वारीचं पीठ!

चुलीपाशी सुमनकाकू आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होत्या. बाहेर ओट्यावर सरांची खुर्ची करकरली. काकू पटकन उठल्या, तशाच पिठाच्या हाताने मधल्या खोलीत गेल्या, चाकाला एक जोराचा धक्का दिला आणि परत येऊन भाकरीला बसल्या. मग आम्ही दिसलो.

"काकू!" मी म्हटलं.

त्या आधी दाराकडे बघून घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मंग काय करू? सारा उन्हाळा त्यायनं त्याच्यात घातला. पहिल्या दिवशी ते थांबलं, तं वहीत काहीतरी लिवलं, चष्मा काढून ठेवला अन् चूपचाप बसून राह्यले. म्हटलं, येवढं मन लावून केलं, फिरू द्या बिचारं."

"काकू, ते थांबावं म्हणूनच सरांनी बनवलं होतं!"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी फुकटच्या विजेवाल्यांकडे पाहतो.

"थांबासाठी कोणी मशीन बनवते का?"

मी प्रभाकरकडे पाहिलं.

"अन् हे महिन्यापासून जेवत काऊन नाईत मंग?" त्यांनी विचारलं.

"चाक थांबत नाही म्हणून."

काकूंच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "अवो माय! ते जेवत नाईत म्हणून मी अजूनच जोरानं देऊन राह्यली!"

प्रभाकर भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, ते मला कळलं नाही.

"त्यायले सांगू नका," काकू म्हणाल्या. आम्ही कबूल केलं. त्या दिवसापासून काकूंनी चाकाला हात लावला नाही. संध्याकाळी सरांचा मला फोन आला. "थांबलं," एवढंच म्हणाले. मागे भांड्यांचा आवाज येत होता. सर जेवत होते.

शुक्रवारी सर चाक घेऊन हॉलमध्ये आले. सोबत सुमनकाकू, नवी साडी नेसून. सरांनी माफीबिफी काही मागितली नाही. चाकाच्या कडेला अजून पांढरं लागलेलं होतं, ते रुमालाने पुसलं, पोरांना घड्याळं लावायला सांगितली आणि चाक फिरवलं. संत्रेवाले भाऊ पुढच्या रांगेत. ग्रामसेवकही आले होते. चाक हळू झालं, एकदा मागे-पुढे झुललं आणि थांबलं. चार मिनिटं, बारा सेकंद.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बंद पडल्यावर टाळ्या मिळालेलं आमच्या प्रदर्शनातलं हे पहिलंच मॉडेल. संत्रेवाले भाऊ तेवढे हळहळले, "बारा सेकंद वर गेलतं, थोडक्यात राह्यलं."

गर्दी पांगल्यावर मी चाकापाशी गेलो. माझ्या नियमाप्रमाणे सरांनीही कार्ड ठेवलं होतं, त्याच जुन्या सरळ अक्षरात. सुमनकाकू चष्मा लावून ते वाचत होत्या.

'मॉडेलचं नाव: थांबणारं चाक.
साहित्य: सायकलचं रिम, डबे, गोट्या.
ऊर्जेचा स्रोत: हॉलमध्ये, काही नाही. घरी, सौ. सुमन.'

काकूंनी कार्ड दोनदा वाचलं. कानापर्यंत लाल झाल्या.

"हे काऊन लिवलं?"

सर रुमालाची घडी घालत होते. वर न बघताच म्हणाले,

"कुठून आलं ते लिवा लागते. नाई तं दोन मार्क कापतेत."